आबा माणसं मोजत नसत

आमच्या घरात चारजणं जमली की आबांचा विषय निघतो, आणि निघाला की चहा दोनदा होतो. आबा म्हणजे माझे सासरे. नव्वदी ओलांडून गेले. जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी किस्से संपत नाहीत. उलट दर लग्नात कुणीतरी नवा घेऊन येतं! त्यातले निम्मे खरे असतील. मी सांगते ते मात्र माझ्यासमोर घडलेले, काही तर माझ्यावरच बेतलेले.

आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं मेंढरं विकून गावी, अंथुर्ण्यात ऊस लावला, पण एक सवय राहिली. आबा कळप कधी मोजत नसत. मोजला की नजर लागते म्हणे! नुसतं एकदा बघायचं आणि सांगायचं, "भरलं," नाहीतर "एक कमी हाय." घरच्या माणसांनाही हाच कायदा.

*

माझं लग्न होऊन महिना झाला असेल. शिरगणतीचे गुरुजी आले.

"आबा, घरात माणसं किती?"

"मोजत न्हाय आमी. नावं लिवून घ्या. थोरला, पाय आपटत चालतू त्यो. धाकला, दारातनंच खोकतू..."

गुरुजींना घाम फुटला. आबा एकेकाची चाल आठवत नावं सांगत गेले, गुरुजी मान खाली घालून लिहीत गेले. शेवटी वाचून दाखवलं, तर यादीत कुत्र्याचं नाव लागलं होतं आणि माझं राहिलं होतं!

सगळे हसले. मीही हसले, पण आत जाऊन.

*

मग भिगवणचं बारसं. नणंदेकडून परत निघालो. स्टँडवर मी नळाला बाटली भरायला गेले, तेवढ्यात एसटी लागली. आबांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि कंडक्टरला सांगितलं, "भरलं! सोडा गाडी!"

गाडी गेली. मी नळापाशी! आमच्या ह्यांना शेजारची जागा रिकामी कशी, असा प्रश्नही पडला नाही. पाय पसरून बसले होते म्हणे.

मला रडू आलं. ज्या घरात आपण आहोत की नाही हेच कळत नाही, तिथं जायचंच कशाला? सरळ माहेरची, बारामतीची गाडी धरायची, असं ठरवून उठले, तर समोर दुधाचा टेम्पो थांबला. आतून आबा उतरले. धोतरावर दूध सांडलेलं.

"पोरी, चुकलं माजं. तुजी चाल अजून डोळ्यात बसली न्हाय."

माझ्या हातातली बाटली घेऊन घटाघटा पाणी प्यायले. माहेर राहिलं बाजूला.

*

पुढच्या बाजाराला आबांनी माझ्यासाठी लालभडक साडी आणली. नवीन मेंढरू घेतलं की त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा मारायचा, लांबून ओळखू यावं म्हणून! सासूबाईंनी लगेच ओळखलं.

"अवो, सून हाय का मेंढरू?"

आबा म्हणाले, "मेंढरू आसती तर गेरूवर भागलं आसतं! ह्यो खर्च कशाला केला आसता?"

तेव्हापासून दर दिवाळीला मला लालच.

*

वयानं आबांची नजर अधू झाली, लाल रंग तेवढा दिसायचा. बारामतीच्या मंडईत त्यांनी लाल साडीतल्या एका बाईची पिशवी उचलली आणि "चल गं, गाडी निघाली," म्हणत थेट आमच्या जीपमध्ये टाकली.

बाई मागनं ओरडत आली, "ओ बाबा, माझी वांगी!"

आबा जराही गडबडले नाहीत. जीपमध्ये बसलेल्या मला म्हणाले, "बघ, तुज्यासारकी दुसरी बी हाय हितं."

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी हात समोर धरला. "आबा, बोटं किती?"

"मोजत न्हाय आमी."

"अहो, दिसतात का तरी?"

"दिसत्यात की! समदी हायत, एक बी कमी न्हाय."

*

शेवटच्या आजारपणात त्यांना बारामतीला दवाखान्यात हलवायचं ठरलं. सकाळीच जीप दारात आली. सगळे दाटीवाटीनं बसले. आबा सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे मिटून. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"थांबीव. एक कमी हाय."

थोरले दीर म्हणाले, "आबा, समदी बसल्यात."

"एक कमी हाय म्हंतुय न्हवं!"

मी आत माठातून बाटली भरत होते. ती घेऊन पळत आले आणि त्यांच्या पायाशी कशीबशी टेकले. अंगावर घरातली निळी, विटकी साडी. बदलायला वेळच कुठं होता?

आबांनी डोळे न उघडता हात लांब केला. माझा पदर बोटांत धरला.

"लालच हाय न्हवं?"

"व्हय आबा, लालच."

"भरलं," आबा म्हणाले. "सोडा गाडी."