चार नंबरच्या खाटेवरचं सीताफळ

पिकल्या सीताफळांचा वास आला, की मला केजच्या दवाखान्यातली चार नंबरची खाट आठवते आणि हसू येतं. तेव्हा मात्र रडूच आलं होतं.

मी नवीकोरी नर्स. इन्सुलिनची सुई घेऊन खाटेपाशी गेले आणि विचारलं, "तुमी ज्ञानोबा ना?"

"हाव, हाव," म्हातारबाबा हसून म्हणाले.

मी त्यांची बाही वर केली, तोच शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "सिस्टर, ज्ञानोबा मी हाय!"

पंख्याच्या वाऱ्यासाठी दोघांनी खाटा बदलल्या होत्या. माझ्यासमोर होते फळं विकणारे इस्माईलचाचा. त्यांना मधुमेह नव्हताच. मी झटकन सुई मागे घेतली.

"चाचा, हो कावून म्हणालात?"

"बेटी, तू लई गोड विचारलं. न्हाई कसं म्हणू?"

सुई टोचली नव्हती, गप्प बसता आलं असतं. तरी मी हेडसिस्टरांना जाऊन सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "नाव आपण सुचवायचं नाही. पेशंटलाच सांगू द्यायचं." आज नव्या मुलींना मी हेच शिकवते.

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर घरी जाताना चाचांनी माझ्यापुढे एक सीताफळ धरलं. मी हात पुढे केला, तर झटकन मागे ओढलं.

"आधी नाव सांग."

वडलांच्या नावासकट सांगितलं, तेव्हाच ते माझ्या हातात पडलं.