जिप्सीत पुढं कोण बसणार

आमच्या ह्यांचा जन्म एसटीच्या इंजिनाशेजारी गेला. भोर डेपोत ड्रायव्हर होते. वेल्ह्याकडच्या मुक्कामी गाडीवर ड्यूटी लागली की बाकीचे तोंड वाकडं करायचे, हे मात्र खुशीनं निघायचे. रात्री गाडी गावात उभी करायची, मागच्या लांब सीटवर झोपायचं आणि उजाडायच्या आधी पडल्या पडल्या पाखरं ऐकायची. तिथंच हे वेड लागलं. पाखरू दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून नाव सांगायचे. संसाराच्या गरजा बाजूला ठेवून दुर्बीण विकत आणली तेव्हा मी अबोला धरला होता, आणि मी अबोला धरलाय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं होतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला. विदर्भातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचं, वाघ बघायचा आणि तिथली पाखरं ऐकायची. मुलीनं मोबाईलवर बुकिंग केलं. कुठल्या गेटनं आत शिरायचं, सकाळची फेरी की दुपारची, मळकट रंगाचे कपडे, कानटोप्या, आधारकार्ड. आमच्या लग्नाची बोलणीसुद्धा एवढ्या बारकाईनं झाली नव्हती. येईल त्याला हे ऐकवायचे, "वाघ डोळ्यानं गावत न्हाई, कानानं गावतो. भेकर भुकलं, वानरं खेकसली, की समजायचं जनावर उठलंय."

एक अट मात्र विचित्र होती. उघड्या जिप्सीत मी त्यांच्या पुढच्या सीटवर बसायचं. शेजारी नाही, पुढं. मी म्हटलं, "का वो, वाघानं आधी मला उचलावं म्हणून?" हे हसले, पण अट सोडली नाही. सीट तशीच मिळेल ना, हे मुलीला विचारायला परत परत मलाच फोन करायला लावला. स्वतः फोनवर बोलणं त्यांनी कधीच सोडलं होतं. "तूच बोल. मला त्या मोबाईलचं जमत न्हाई."

त्याच थंडीत ते आणखी एक म्हणायला लागले, की पाखरं गेली. औंदा तांबट आला नाही, सातभाईसुद्धा दिसतात पण गप्प असतात. टॉवरमुळं झालं, फवारणीमुळं झालं. मीही शेजारीपाजारी तेच सांगत सुटले, कारण पाखरांच्या बाबतीत ह्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग एका सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. उंबरावर तांबट बसला होता आणि टुक टुक टुक एकसारखं चाललं होतं. हे त्याच उंबराखाली खुर्ची टाकून चहा पीत होते. म्हणाले, "बघ. उंबर पिकला तरी तांबटाचा पत्ता न्हाई." माझा हात पातेल्यातच थांबला. वाटलं, चेष्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर चेष्टा नव्हती. मी पुन्हा भांडी घासायला लागले, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

जायच्या आधी सराव पाहिजे म्हणून हे मला घेऊन पासलीला गेले, त्यांच्या बहिणीकडं. पहाटे उठायचं, डोंगरात जायचं, न बोलता बसायचं. भातं निघाली होती, खाचरं उघडी पडली होती. वन्संनी पाणी देता देताच सांगितलं, "दादा, यकटा वर जाऊ नगंस. वरच्या वाडीतलं वासरू नेलंय जनावरानं." हे मान डोलावून हसले. दुपार टळल्यावर माझा डोळा लागला, तेवढ्यात एकटेच दुर्बीण घेऊन वर गेले.

त्या गावात एक रीत आहे. डोंगरात आपलं कुणी असलं की दिवस कलताना घरच्यांनी हाळी द्यायची आणि वरच्यानं ओ द्यायची. ओ आली की मग चूल पेटवायची. तीन हाळ्यांना ओ आली नाही तर कुणी काही विचारत बसत नाही, गडी काठ्या-कोयते घेऊन निघतात.

वन्संनी खळ्यात उभं राहून हाळी दिली, "दादा हो!" वरून काही आलं नाही. दुसरी दिली. ती विरते न विरते तोच वरच्या रानात भेकर भुकलं. थांबून थांबून, एकेक. मग वानरं खेकसायला लागली. ह्याचा अर्थ मला ह्यांनीच शिकवला होता. वन्संना तिसरी हाळी देता येईना. ती मी दिली. उभ्या जन्मात मी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली, सगळ्या वाडीच्या देखत.

ओ आली नाही.

गडी पत्र्याचे डबे बडवत वर निघाले. मी वाघजाईला काय काय कबूल केलं ते मला आठवत नाही. जनावरानं नेलं असेल याची भीती होतीच, पण तिच्या खाली दुसरी एक भीती होती, त्या तांबटाची. आणि ही दुसरी खरी निघावी म्हणून मी देवीला विनवत होते.

गडी शेवटच्या खाचराशी पोचतात तोच हे पायवाटेनं उतरताना दिसले. गळ्यात दुर्बीण, चाल अगदी निवांत. समोर कोयते घेतलेली माणसं बघून थबकले. "काय झालं? कुनाच्या घरी काय झालं?"

वन्सं रडत रडत त्यांच्या अंगावर धावल्या. "हाळ्यावर हाळ्या दिल्या! ओ का दिली न्हाईस?"

हे त्यांच्या ओठांकडं बघत होते. मग सगळ्यांना सांगावं तसं म्हणाले, "लई ग्वाड वाटलं वर. किती शांत होतं! पान हालल्याचा आवाज न्हाई."

गड्यांनी हातातले कोयते हळूच खाली केले. तेवढ्यात डोंगराच्या धारेजवळ भेकर पुन्हा भुकलं, आधीपेक्षा जवळ. सगळ्यांच्या माना एकदम तिकडं वळल्या. ह्यांची वळली नाही. ते आमच्याकडंच बघत होते. आमच्या वळलेल्या माना दिसल्या तशी त्यांनीही मान वळवली, बरोबर त्याच बाजूला, आणि जाणत्यासारखे म्हणाले, "व्हय. ऐकलं म्या."

जिप्सीत मी पुढं का बसायचं होतं, ते मला तिथं कळलं. मला रडू आलं नाही, राग आला, इतके दिवस एकट्यानं हे सांभाळत बसले म्हणून.

घराकडं निघालो. वाट अरुंद होती. मी पुढं आणि हे माझ्या मागं. भेकर पुन्हा भुकलं, आता अगदी वरच्या बांधावरून. पुढचे गडी वळून बघायला लागले, पण ते वळणापलीकडं होते, मला दिसत होते, ह्यांना नाही. मी मुद्दाम मान सरळ ठेवली. मागून ह्यांच्या चपलांचा आवाज तसाच येत राहिला.