अत्यंत ऑफिशियस

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातले हेडक्लार्क इंग्रजीत भारी, असं सगळे मानायचे. आणि ते स्वतः तर सगळ्यांच्या आधी मानायचे. कोणाचा अर्ज असो की निरोपाचं भाषण, कागद फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर यायचा. साध्या शब्दावर त्यांचं भागत नसे. पत्रात एक तरी शब्द असा हवा, की वाचणाऱ्याने चष्मा काढून पुसावा.

त्या वर्षी कार्यालयातला टेलिफोन बोर्ड बंद झाला आणि टेलिफोनताईंचं काम गेलं. बारा वर्षं त्या जिन्याखालच्या खोलीत बसून आलेला फोन बरोबर माणसाला जोडून देत होत्या. एका दवाखान्यात फोन घ्यायला बाई हवी होती. ताई हेडक्लार्कांकडे आल्या.

"काका, दोन ओळी लिहून द्या. इंग्रजीत असलं की वजन पडतं."

काकांनी पानभर लिहिलं. ताईंनी ऑफिसच्या कामाला कसं वाहून घेतलं होतं, हे एका शब्दात बसवायचं होतं. त्यांना 'ऑफिशियस' आठवला. कुठंतरी वाचलेला, भारदस्त. ऑफिसवरूनच आलेला दिसतोय, मग अर्थ वेगळा काय असणार? 'अत्यंत ऑफिशियस' असं लिहून त्यांनी खाली झोकात सही ठोकली.

आठ दिवसांनी ताई परत आल्या. "तिथल्या मॅडम पत्र वाचून हसल्या, काका. म्हणाल्या, हे तुमच्या बाजूने लिहिलंय की विरोधात? मला काही सांगता येईना."

"त्यांना इंग्रजी कळत नसेल," काका म्हणाले.

ताईंनी मान डोलावली आणि त्या गेल्या.

मग काकांनी कपाटातून शब्दकोश काढला. 'ऑफिशियस' म्हणजे कोणी न विचारता दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणारा, नसते हुकूम सोडणारा. त्यांनी तीनदा वाचलं. कान तापले. चूक झाली ती झालीच, पण मघाशी किती सहज बोलून गेलो, ते जास्त टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते दवाखान्यात गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं.

"जागा भरली," त्या म्हणाल्या.

"माझ्या पत्रामुळे?"

"अगदी त्यामुळेच असं नाही," म्हणून मॅडमनी समोरची फाईल उघडली.

तिथून काका थेट ताईंच्या घरी गेले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांनी उभ्याउभ्याच शब्दाचा खरा अर्थ सांगितला. ताईंचे हात थांबले.

"मी कधी कोणाचा फोन चोरून ऐकला नाही, काका. एकदाही नाही."

"माहीत आहे."

"आणि काल म्हणालात, त्यांनाच कळत नाही."

"मलाच माहीत नव्हतं. तरी बोललो." त्यांची नजर फरशीवरून वर येईना.

तिथंच बसून त्यांनी नवं पत्र मराठीत लिहिलं. ताईंनी ते स्वतः, सावकाश वाचलं. "हे 'कर्तव्यतत्पर' काढा. रोज वेळेवर यायच्या, असं लिहा." काकांनी निमूटपणे लिहिलं.

दीड महिन्याने ताईंना एका वसतिगृहात काम मिळालं. काकांना हे दुसऱ्याच कोणाकडून कळलं. पुढे रस्त्यात भेटल्या की ताई पूर्वीसारख्याच थांबून काकूंची चौकशी करायच्या. काका दोन शब्दांत उत्तर देत आणि काहीतरी काम काढून निघत.