क्लोथिल्डामावशीचा खर्ज

आमच्या ग्रेनाडा बेटावरच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीत पेटी नाही, ढोल नाही. नुसत्या गळ्यांनी चार सुरांत गायचं. सगळ्यात खालचा सूर पुरुषांचा. पण आमच्यात पुरुष तिघेच, दोघे कायम समुद्रावर आणि तिसरा म्हातारा इग्नेशियस दमेकरी. म्हणून वीस वर्षं खर्ज सांभाळला तो क्लोथिल्डामावशीनं. जायफळं निवडणारी ही उंच बाई डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करून तोंड उघडायची, आणि पायाखालच्या फळ्या घुमायच्या.

मग पेनसिल्व्हेनियाहून नवा पाळक आला, ब्रदर लेव्हाय. तरणा, मनाचा चांगला, नियमाला पक्का.

"सिस्टर, बायकांनी बायकांचा सूर धरावा."

"माझ्या गळ्यात तो नाही रे बाळा."

"मग मनात गा."

मावशीनं गाणं सोडलं. पाळकाचं ऐकायचं, ही आमची रीत. तीन रविवार गाणं दोर तुटलेल्या पतंगासारखं वर वर जात राहिलं. बाहेरून मासेवाली ओरडली, "आत कोंबड्या कापताय का गं?"

चौथा रविवार जाबाचा. प्रभूची भाकर मोडण्याआधी आमच्यात प्रत्येकाला उभं राहून सांगावं लागतं, की देवाशी आणि माणसांशी माझं सख्य आहे. एकाचं जरी नसलं, तरी भाकर थांबते. सगळे 'आहे' म्हणाले. मावशी उठली.

"नाही."

"कुणाशी नाही, सिस्टर?"

"तुझ्याशी. जायफळं मी पाण्यात टाकते. पोकळ ते तरंगतं, भरलेलं तळाला जातं. तू आमचा तळच काढून घेतलास. खोटं बोलून भाकर खाणार नाही मी."

लेव्हाय लालबुंद झाला. मागून इग्नेशियस खोकत म्हणाला, "ऐक पोरा, नाहीतर मला गावं लागेल. मेलो तर पाप तुझ्या माथी!"

सगळे हसले, लेव्हायलाही हसू आवरेना. तो बाकावर बसला. "गा, सिस्टर. मी नुसता ऐकतो."

मावशी गायली. फळ्या घुमल्या, पोरींचे आवाज आपापल्या जागी येऊन बसले. दुसऱ्या कडव्याला लेव्हायही गात होता.

"आता, सिस्टर?"

"आता आहे."

पुढच्या रविवारी भाकर मोडली. रीतीप्रमाणे गात गात एकमेकींचे पाय धुताना लेव्हायची बायको मावशीपुढे गुडघ्यांवर बसली आणि हळूच म्हणाली, "अंघोळ करताना हे तुमचा सूर धरायला बघतात."

"पोचतो का?"

"कुठला!"

मावशी हसली, आणि पुढच्या कडव्याला आणखी एक पायरी खाली उतरली.