साखरखेर्ड्याची लढाई आणि पळसाचा पुतळा

नाताळची सुट्टी लागली आणि मी खामगावहून साखरखेर्ड्याला निघालो. इतिहासाच्या मास्तरानं जुनी रणभूमी पाहायला जावं यात कोणालाच नवल वाटलं नाही, आणि मीही सगळ्यांना तेच कारण सांगितलं. खरं कारण निराळं होतं. माझी धाकटी बहीण अनसू तिथं दिली आहे. तिचा नवरा गणपत पलटणीत गेला, सिंगापूर पडलं तेव्हा बेपत्ता झाला, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. तिच्या सासऱ्यांचा निरोप आला की घरात पुतळ्याचं घाटतंय, लवकर या. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. मग तो मेला असं ठरतं आणि त्याची बायको विधवा. मी दातओठ खातच निघालो. पोरीचं कुंकू असं पुसू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर पहाटेची मोटार धरा. पेट्रोल लढाईला गेल्यामुळे मोटारी आता कोळशाच्या गॅसवर चालतात. मागं एक भट्टी लावलेली असते, क्लीनर ती ढोसत बसतो. घाट आला की ड्रायव्हर सगळ्यांना उतरवतो, आणि दीडपट भाडं देऊन आपण मोटारीमागून पायी चालतो. चिखलीला भाकरी, बेसन आणि मिरचीचा ठेचा मिळाला. चहात साखर नव्हती, गूळ होता. शेजारचा एक कापसाचा दलाल म्हणाला, जपान आता हरणार. मी विचारलं, मग काय होईल? तो विचारात पडला आणि म्हणाला, रॉकेल मिळेल. पुढं लव्हाळ्यापर्यंत दुसरी मोटार आणि तिथून बैलगाडी. अंगावर घोंगडी असू द्या, डिसेंबरचा वारा बोचतो.

अनसूच्या घरी पोचलो तो भांडायच्या तयारीनं. सासरे ओसरीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "गुरुजी, तुमी तरी तिले समजवा. मी नाही म्हणून राह्यलो, तं ते आयकत नाही."

मला आधी कळलंच नाही. पुतळा सासऱ्यांना नको होता. तो अनसूनं मागितला होता.

ती चुलीपाशी होती. हाताला धरून मी तिला परसात नेलं आणि काऊन, असं विचारलं. ती रडली नाही. म्हणाली, "दादा, रोज सकाळी कुंकू लावताना वाटते, खोटं बोलून राह्यलो आपण. आन नाही लावलं तं वाटते, आपणच मारलं त्याइले. दोन साल झाले. मले आता सोडवा."

माझं सगळं भांडण तिथंच गळून पडलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मला रणभूमी दाखवली. शाळेत ही सतराशे चोवीसची लढाई मी फळ्यावर खडूनं लढतो: इकडून निजाम, तिकडून दिल्लीच्या बादशहाचा सरदार, मधे ओढा. प्रत्यक्षात तिथं वेचणीला आलेला कापूस होता आणि ओढ्याच्या काठी काही जुन्या कबरी, कोणाच्या ते कोणी सांगेना. जिंकणाऱ्या निजामानं गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवलं होतं. ते लोकांच्या तोंडी कधी बसलंच नाही. दख्खनचं राज्य ज्या लढाईनं हातात आलं तिचं एवढंही उरलेलं नाही. आजही आमचा वऱ्हाड कागदावर निजामाचा, कारभार नागपूरचा, हुकूम इंग्रजाचा. आणि इथला पोरगा हरवला तो जपान्यांच्या तावडीत, ज्यांचा देश त्याच्या बापाला नकाशात दाखवूनही सापडत नाही.

सासरे कबरीजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "इथं जे मेले, त्याइच्या घरी कळलं असंन का हो गुरुजी?"

मी म्हणालो, पुस्तकात नाही. वीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्या संध्याकाळी ते स्वतःच पळसाची पानं घेऊन आले. पुतळा कसाबसा हातभर केला तरी चालतो, असं भटजी म्हणाले. सासऱ्यांनी ऐकलं नाही. गणपत दारातून वाकूनच आत येई, म्हणून त्यांनी चौकटीला दोरी लावून उंची घेतली आणि तेवढाच लांब पुतळा बांधला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भटजींनी आणखी एक सांगितलं: जाळल्यावर माणूस जिवंत परत आलाच, तर तो नवा जन्मला असं धरायचं, बारसं करायचं आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. शास्त्रात याचीही सोय आहे म्हणे. म्हणजे अशी माणसं पूर्वीही परत आली असणार, आणि आपल्याला जाळल्याचं त्यांनी ऐकलं असणार.

सकाळी ओढ्याकाठी सासऱ्यांनी अग्नी दिला. पानं ओली होती, पेटायला फार वेळ लागला, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. अनसूच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी कापसाच्या शेताकडे पाहत राहिलो. परतताना सासरे मला हळूच म्हणाले, की वर्षभरानं तिचा पाट लावून द्या, आमची आडकाठी नाही. स्वतःच्या मुलाच्या बायकोचं दुसरं लग्न आपल्या तोंडानं सुचवायचं, यापेक्षा मोठी हार मी कुठल्याही इतिहासात वाचलेली नाही.

निघताना अनसू गाडीपर्यंत आली. शिदोरी दिली. मग माझी बाही धरून म्हणाली, "दादा, तुमच्याकडे पेपर येते. कैद्याइची काही बातमी आली, तं मले कळवू नका."

जाताना जो घाट मोटारीमागून चढलो तोच येताना मोटारीतून उतरलो. बायकोनं विचारलं, कशी आहे अनसू? झोपते म्हणे आता रात्रीची, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. रणभूमी पाहायला जरूर जा, पण पाहण्यासारखं काही मिळेल या भरवशावर जाऊ नका.

देवापुढं उभा राहिलो की माझं अडतं. गणपत मेलेला असावा, असं मागवत नाही. तो जिवंत असावा, असं म्हणायलाही आता जीभ उचलत नाही.