भाऊंचं पाच म्हणजे पाच

आमच्या पांढुर्ण्याच्या खो-खो मंडळात दोन माणसं चहाला बसली की भाऊंचा किस्सा तिसरा येऊन बसतोच. भाऊ म्हणजे चुन्यानं मैदान आखता आखता देशाच्या खो-खो महासंघाचा सचिव झालेला आमचा माणूस. मी तीस वर्षं त्यांच्या शिव्या खाल्लेला पीटी मास्तर, तेव्हा खोटं नाही सांगून राहिलो.

*

भाऊंना वेळेचं भलतंच वेड. स्वतःच्या लग्नाची वरात घेऊन सौसरला इतक्या लवकर पोचले की मांडवच उभा व्हायचा होता. सासरे कावरेबावरे. भाऊंनी फेटा बाजूला ठेवला, खिशातून मैदान मोजायची टेप काढली आणि म्हणाले, "मामाजी, खांब वाकडे गाडून राहिले तुमचे लोक." नवरीनं पाहिलं तेव्हा नवरदेव खड्डा खोदत होता.

*

एका स्पर्धेच्या उद्घाटनाला मंत्री दहाला येणार होते. दहा वाजले, मंत्री नाहीत. भाऊंनी मैदान झाडणाऱ्या लीलाबाईंच्या हातून फीत कापून घेतली आणि शिट्टी वाजवली. मंत्री आले तेव्हा दुसरा सामना चालू. भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, उद्घाटन झालं. आता आलेच आहात तं बक्षीस वाटून जा. ते चारला आहे." बिचारे चारपर्यंत बसले!

*

याच वेडापायी घरात मात्र बिनसलं. जाम नदीपलीकडं सावरगावात भाऊंची धाकटी बहीण कमल राहते. तिची पोरगी सावरगावच्या संघाची कॅप्टन. जिल्हा स्पर्धेची नावनोंदणी पाचपर्यंत होती. नेमका पुलावर संत्र्याचा ट्रक आडवा झाला. पोरी नि कमलताई धावत आल्या, तोवर पाच वाजून सात मिनिटं झालेली. टेबलावर मामाच.

"पाच म्हणजे पाच."

पोरी रडत परत गेल्या. भावासाठी आणलेला वांग्याच्या भाजीचा नि पानग्यांचा डबा कमलताईनं उघडलाच नाही. "दादा, हा नियम तुह्यावर येईन नं, तवाच बोलीन मी तुह्याशी."

चार वर्षं बोलली नाही. भाऊ मात्र सावरगावचं कोणी भेटलं की हळूच विचारायचे, "कमल बरी आहे ना?" फार वाईट वाटायचं हो.

*

गेल्या साली भाऊ महासंघाच्या अध्यक्षपदाला उभे राहणार होते. सगळी राज्यं पाठीशी. फक्त फॉर्म शेवटच्या तारखेला दिल्लीच्या ऑफिसात पाचच्या आत द्यायचा. निघायच्या दिवशी तिगावला मुलींची फायनल होती, पंच भाऊ. सामना बरोबरीत सुटला, जादा डाव सुरू झाला. मी म्हणालो, "भाऊ, गाडी सुटून राहिली."

"पोरी खेळून राहिल्या ना?"

गाडी गेली. नंतरच्या गाडीनं दिल्ली गाठली, ऑफिसात पोचले तर पाच वाजून तीन मिनिटं. फॉर्म घेणारा त्यांचाच जुना खेळाडू. "द्या भाऊ, कोणी पाहून नाही राहिलं." भाऊंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ते त्यांनीच लावलेलं. फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवली.

परत आले तेव्हा पांढुर्णा स्टेशनवर आम्ही मंडळाचे सगळे तोंडं पाडून उभे. भाऊ डब्यातून उतरले. आमच्या मागून कमलताई पुढं आली, हातात जेवणाचा डबा. भाऊ गडबडलेच.

"कमल, मी अध्यक्ष नाही झालो वं."

"माहीत आहे. म्हणून तं आली."