दोनशे पंचावन्ननंतरचं शून्य

“तुला वाचायला कोणी सांगितलं रे? टायपिंगला ठेवलंय तुला.”

साहेबांचा आवाज असा, की राजुऱ्याकडच्या आमच्या खाणीवरची कुत्री वर्धा नदी पोहून थेट बल्लारशाच्या फलाटावर जाऊन बसली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. खाणीत कोण कोण खाली आहे हे सांगणारा प्रोग्राम साहेबांनी लिहिला होता. नियमानं दुसऱ्या कोणी तो तपासून सही करायची. साहेबांना माझी सही हवी होती, डोळे नको होते.

मी वाचला. मेमरी भरू नये म्हणून नको त्या नोंदी फेकणारा एक भाग त्यात होता. एकेका माणसाची नोंद प्रोग्राममध्ये किती ठिकाणी धरलेली आहे, ते मोजायचं. मोजणी शून्य झाली की नोंद कचरा. पण मोजणीला जागा एकाच बाइटची. दोनशे पंचावन्नच्या पुढं गेली की परत शून्य. माणूस खाली असेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं त्याची नोंद आणखी एका ठिकाणी धरली जायची; जितका जास्त वेळ खाली, तितकी त्याची मोजणी वर. म्हणजे सगळ्यात जास्त राबणाराच कचऱ्यात.

मी म्हटलं, “सर, इथी चेक पाहिजे. दोनशे पंचावन्नले थांबवाले.”

साहेब अख्ख्या ऑफिसकडे वळले. “बघा. आज्यानं झाडू धरला, नातू आम्हाला मोजायला शिकवतोय.”

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात सडून राह्यलं आहे.

साहेबांनी सहीविनाच प्रोग्राम चालू केला. पंधरा दिवसांनी. रविवार, भर दुपार. कोळसा बंद, खाली फक्त पाणी उपसणारे पंपवाले. माझा बा त्यातलाच. बदलीचा माणूस आला नाही म्हणून बा दुसरी पाळी ओढत होता. बाकीचे वर आले. स्क्रीनवर आकडा आला: खाली शून्य. साहेबांनी हवेचा पंखा दुरुस्तीसाठी बंद करायला सांगितला. खाली वारा देणारा तोच एक.

मी दिवाघराकडे पळालो. खाणीत उतरणारा माणूस तिथून दिवा घेतो, आपला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्यावर अडकवतो. वर आला की काढतो. साहेबांनी ती फळी भंगारात काढली होती. दिवाघरातल्या रहीमभाऊंनी ती दाराआड टांगून ठेवली होती. उतरणारे अजून तिच्यावरच बिल्ला अडकवायचे, हाताची सवय.

“एक बिल्ला लटकून राह्यला,” ते म्हणाले. “तुह्या बाचा.”

पंखा थांबला होता. अशी शांतता, की दोन कोसांवरच्या सागाचं पान गळताना ऐकू आलं. पंखा चालवणाऱ्या खलाशाला ढकलून मी तो चालू करायचं बटन दाबलं.

बा वर आला. काळा, ओला. म्हणाला, “वारा काऊन बंद केला होता?”

आजही घरातला पंखा थांबला की मी उठतो. बायको, दोन पोरं, मी. चार. मग पुन्हा मोजतो.

त्या रविवारनंतर सोमवारी साहेबांनी कागद सरकवला. ‘तपासले. दोष नाही.’ खाली माझं नाव. पेनाचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

“सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

मी टोपण परत लावलं.

“चेक टाकल्याबिगर सही होत नाई.”